झेलनिकच्या दुःखाचं मोजमाप

ओहायोतल्या आमच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे डॉक्टरेटच्या प्रत्येक परीक्षा समितीवर एक सदस्य परक्या विभागाचा असावा लागतो. आपल्याच माणसांनी आपल्या माणसाला पदवी देऊन टाकू नये, हा त्यामागचा हेतू. १९६१च्या वसंतात इंग्रजी विभागाने असा सदस्य मागितला, तेव्हा रसायनशास्त्र विभागाने मला पाठवलं. मी बारा वर्षं विहिरींच्या पाण्यातलं लोह मोजत होते आणि माझ्या जाण्याने विभागात कोणाचं काही अडणार नव्हतं.

उमेदवार आयर्विंग झेलनिक. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स या ज्यू कष्टकऱ्यांच्या वस्तीतला, वय चौतीस, बायको, दोन मुली. प्रबंधाचा विषय 'विसाव्या शतकातील अमेरिकन कादंबरी : ओळख, दुःख आणि नीती'. चारशे बारा पानं, सात वर्षं. नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजने त्याला सप्टेंबरपासून नोकरी देऊ केली होती. अट एकच, मेअखेर पदवी हातात हवी.

समितीचे अध्यक्ष प्राध्यापक थॉर्नबरी बोस्टनच्या जुन्या घराण्यातले. दुःखाबद्दल ते फार सुंदर बोलत. त्यांची आणि दुःखाची गाठ पडल्याची मात्र कुठे नोंद नव्हती. तिसरे सदस्य प्राध्यापक मॅक्लिन यांना एका कानाने ऐकू येत नसे आणि तोंडी परीक्षेत ते नेमका तोच कान उमेदवाराकडे करून बसत.

एप्रिलातल्या त्या परीक्षेत दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग थॉर्नबरी माझ्याकडे वळले. "लुंडग्रेनबाई, आपलं काही?"

बाहेरच्या सदस्याने एखादा प्रश्न विचारावा, असा शिष्टाचार आहे. मी खूण घातलेलं पान उघडलं. "पान एकतीस. 'दुःखाने नायक अधिक चांगला माणूस होतो.' किती दुःखाने? आणि किती चांगला?"

झेलनिक मोकळेपणी हसला. मी विनोद करत नाही हे आमच्या विभागात सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजी विभागाला कळवायचं राहून गेलं होतं.

थॉर्नबरी हसले नाहीत. रशियाचा उपग्रह आकाशात गेल्यापासून विद्यापीठातली प्रत्येक नवी इमारत विज्ञानाला मिळत होती आणि इंग्रजी विभाग अजून तळघरात बसत होता. "किती!" ते हळूच म्हणाले. "सात वर्षांत हे कोणीच विचारलं नाही."

"सर, ते मोजता येत नाही," झेलनिक म्हणाला.

"तुम्हाला आलं नाही, असं म्हणा."

थॉर्नबरींनी माझा प्रश्न आक्षेप म्हणून नोंदवून घेतला. बाह्य सदस्याच्या आक्षेपाला लेखी उत्तर मिळेपर्यंत सह्या होत नाहीत, हाही नियमच. झेलनिक माझ्या प्रयोगशाळेत येऊ लागला. मी मनापासून मदत केली. शून्य ते दहा अशी मोजपट्टी आखून दिली. नवा बूट चावणं म्हणजे अर्धा. सगळं गेलं आणि रागवायलाही कोणी उरलं नाही, म्हणजे दहा. त्याने एकसष्ट कादंबऱ्यांचे नायक कार्डांवर उतरवून आणले.

"बाई, हा नायक आपण कोण आहोत हेच शोधतोय. ओळखीच्या रकान्यात काय लिहू?"

"नाव लिहा."

"नाव त्याने बदललंय."

"मग दोन्ही लिहा. बेरीज करू नका."

पण मोजपट्टी बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहायला प्रमाणित नमुना लागतो. कादंबरीतला नायक काही प्रयोगशाळेत येऊन बसत नाही. ही अडचण मी थॉर्नबरींना एका ओळीत कळवली. त्याच दुपारी एका ओळीत उत्तर आलं : 'झेलनिक उपलब्ध आहेत.'

"पण मी दुःखी नाही!" झेलनिक त्यांच्यासमोर म्हणाला. "माझे वडील टोप्या विकतात, आई शेजारणींबरोबर पत्ते कुटते. आमच्याकडे सगळे मजेत आहेत."

थॉर्नबरींचा चेहरा उतरला. "ब्राँक्सचे असूनही?"

"उत्तम आहे," मी म्हणाले. "सुरुवात शून्याजवळून झाली की आलेख स्वच्छ येतो."

पुढे आम्हाला वेगळं काही करावंच लागलं नाही. तारीख जवळ येत होती, तेवढं पुरलं. दुःखाची नोंद तो स्वतः करायचा. चांगुलपणाची नोंद स्वतः करणं अशास्त्रीय, म्हणून तो तक्ता मी त्याच्या बायकोकडे, शर्लीकडे, पाठवला. तिसऱ्या दिवशी ती कडेवर मूल घेऊन प्रयोगशाळेत हजर.

"तुम्हीच का त्या लोखंडवाल्या बाई?"

"लोह. हो."

"हे तुमचं? 'आज पती कालच्यापेक्षा किती चांगला वागला?'"

"रोज संध्याकाळी सहाच्या आत भरायचं."

"अहो बाई, काल हिने दूध सांडलं तर हा ओरडला हिच्यावर. सात वर्षांत पहिल्यांदा. पोर घाबरून टेबलाखाली जाऊन बसली. मग हाही खाली वाकून तिच्याशेजारी जाऊन बसला. दोघं तिथेच जेवली. आता सांगा, हे कुठे लिहू?"

मी तक्ता पाहिला. "ओरडण्याचे उणे दोन. टेबलाखाली बसण्याला रकाना नाही. 'इतर'मध्ये लिहा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एक सही करायला किती वेळ लागतो हो तुम्हाला?"

"चार सेकंद," मी म्हणाले. मी मोजून पाहिलं होतं.

सव्वीस मे रोजी समिती पुन्हा बसली. आलेख मी भिंतीवर लावला. दुःख अर्ध्यापासून आठ पूर्णांक चारपर्यंत चढलं होतं. चांगुलपणा तीन अंशांनी उतरला होता.

झेलनिकला हायसं वाटलं. "म्हणजे माझंच चुकलं होतं. दुःखाने माणूस चांगला होत नाही, चिडका होतो. मी तसं लिहितो. चार दिवस द्या."

"लिहिणार कोण?" थॉर्नबरींनी विचारलं. "उमेदवार की नमुना? नमुन्याला स्वतःबद्दल निष्कर्ष काढता येत नाही."

"सर, मी दोन्ही आहे!"

"ओळखीचा प्रश्न तुमच्या दुसऱ्या प्रकरणात येतो. तो इथे नको."

"पास झाला ना?" मॅक्लिन यांनी विचारलं. त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

थॉर्नबरी माझ्याकडे वळले. "आपण आक्षेप मागे घेतलात, तर हे आत्ता संपतं."

झेलनिक टेबलाची कड धरून माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिला. मला त्याची खरोखर दया आली. पण दया आली म्हणून आकडे बदलत नाहीत.

"एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले. "तुलनेला दुसरा हवा. ज्याने हे सगळं जवळून पाहिलं, पण सोसलं काहीच नाही, असा."

असा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मी तिथेच बसून स्वतःचा तक्ता भरला. दुःख : शून्य. चांगुलपणा : नऊ. हा आकडा फुगवलेला नाही. महिनाभर मला झेलनिकबद्दल सतत वाईट वाटत होतं, मी एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि ती टेबलाखालची हकीकत आठवून दोनदा माझे डोळे भरून आले होते.

थॉर्नबरी उठून उभे राहिले. "म्हणजे दुःख सोसायचं एकाने आणि चांगलं व्हायचं दुसऱ्याने! अहो, कादंबरी असते ती याचसाठी!"

थॉर्नबरींचा आणि माझा लेख शरद ऋतूत प्रसिद्ध झाला. झेलनिकचे आभार तळटीपेत, 'साहित्य पुरवल्याबद्दल', असे मानले आहेत. नेब्रास्काने अर्धविरामावर प्रबंध लिहिलेल्या एका गृहस्थांना घेतलं. झेलनिक आता वडिलांच्या दुकानात टोप्या विकतो. मजेत आहे की नाही, सांगता येणार नाही. नोंदी मे महिन्यातच थांबल्या.

लेखावर एकच हरकत आली आणि ती योग्य आहे. दुःख नुसतं पाहून चांगली झालेली मी एकटीच. एकीवरून काय सिद्ध होणार? म्हणून मी माणसं गोळा करते आहे. ज्यांनी झेलनिकचं सगळं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीत बसून, कसलीही तोशीस न लागता पाहिलं आहे, अशी. आपण इथवर आलाच आहात. प्रश्न दोनच आहेत. झेलनिकबद्दल वाईट वाटलं का? आणि लुंडग्रेनबाईंच्या जागी आपण असतो तर सही करून मोकळे झालो असतो, असं मनात आलं का? दोन्हींना 'हो' असेल, तर स्वतःपुढे नऊ लिहा. आतापर्यंत सगळ्यांना नऊच मिळाले आहेत.