द्वारकाबाईंची सात बंदरं

द्वारकाबाई नर्स थेंब आकड्यांनी मोजत नसत, बंदरांनी मोजत. रोग्याच्या शिरेत मीठपाणी सुरू झालं, की खाटेशी स्टूल ओढायच्या, नळीच्या मधल्या काचेच्या गोळ्याला नाक लावायच्या आणि पडेल त्या थेंबाला नाव द्यायच्या. "मुंबई... श्रीवर्धन... बाणकोट... हर्णै... दाभोळ... जयगड... रत्नागिरी." सातव्या थेंबाला आगबोट रत्नागिरीला लागायची आणि आठव्याला पुन्हा मुंबईहून सुटायची.

तुम्ही नातवंडं विमानातून उतरता, तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल. पण तेव्हा मुंबईहून घरी, रत्नागिरीला, यायचं म्हणजे आगबोट, आणि वाटेतली बंदरं आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असायची. द्वारकाबाईंकडे घड्याळ नव्हतं. डॉक्टरांचं घड्याळ एकदा समोर ठेवून त्यांनी आपली चाल बसवून घेतली, ती कायमची.

"बाई, मी मिनिटाला चाळीस थेंब सांगितले होते," डॉक्टर म्हणत. "तुमच्या सहा फेऱ्यांचे बेचाळीस होतात."

"वरचे दोन भरतीचे, डॉक्टर."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळत. त्यांच्या दवाखान्यात आठ खाटा होत्या आणि त्या आठही खाटा द्वारकाबाईंच्या जिवावर चालत, हे त्यांना ठाऊक होतं.

बाई अंगाने काटकुळ्या. पांढरं नऊवारी, कोपरापर्यंत घट्ट बाह्या, आणि पदराला टाचण्यांची रांग. फावल्या वेळात त्या सुया घासत. तेव्हा सुई वापरून टाकून देत नसत. दगडावर घासायची, मग कापसाच्या बोळ्यातून ओढायची. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा दगडावर. शीर सापडेना झाली की तिच्याशी लाडीगोडी सुरू व्हायची. "ये गो बाय, लाजतेस काय? माहेरचीच माणसं आहेत." नळीत हवेचा बुडबुडा दिसला, की त्याला त्या 'बिनतिकिटाचा उतारू' म्हणत आणि टिचकी मारून हाकलून देत. आणि दर अर्ध्या तासाने रोग्याला विचारत, "कुठवर आलात?" रोग्याने एखाद्या बंदराचं नाव घ्यायचं, अशी रीत होती. ज्याला नाव घेता येत नसे, त्याच्या वतीने त्या स्वतःच घेत.

आणखी एक खोड म्हणजे दुसरी बाटली. एक बाटली टांगलेली असली, की दुसरी उकळून, गाळून, तोंडाला चौपदरी फडकं बांधून तयार पाहिजेच. दवाखान्यात एकही रोगी नसला तरी.

"कुणासाठी एवढी लाकडं जाळता?" डॉक्टर विचारत.

"पाहुणा काय सांगून येतो?"

हे सगळं मला इतकं तपशिलाने माहीत असण्याचं कारण तुमचे आजोबा. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वैशाखात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि एका पहाटे ते आडवे झाले. डोलीतून दवाखान्यात नेलं, तोवर डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, आवाज बसलेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगातलं पाणी गेलंय. जाईल तेवढं परत भरता आलं, तर वाचतील."

पहिली बाटली भराभर सोडली. पुढची थेंबाथेंबाने लावली आणि द्वारकाबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी माझ्या हातात वही दिली. "इंग्रजी शाळेत गेलेली ना तू? मग रडणं संध्याकाळी. आत्ता किती पाणी आत गेलं आणि किती बाहेर आलं, ते लिही. एका रकान्यात आत, एका रकान्यात बाहेर." मला रेघा आखून लिहायची आवड पहिल्यापासूनची. त्या दिवशी त्या रेघांनीच मला धरून ठेवलं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, हे मीठपाण्याचं मुळीच पटलेलं नव्हतं. "मीठपाणी पाजून कोण बरं होतं गो? समुद्र काय थोडा आहे आपल्याकडे?" त्यांनी सकाळीच सायकलवर माणूस पाठवून गणपतीपुळ्याहून तीर्थ आणवलं. दुपारी द्वारकाबाई गरम पाण्याची पिशवी भरायला आत गेल्या. मी वहीत बेरीज करत होते. सासूबाई स्टुलावर चढल्या, बाटलीचं फडकं सोडलं, पळीभर तीर्थ आत ओतलं आणि फडकं पुन्हा बांधून खाली येऊन जप करत बसल्या. मला पत्ता नाही.

द्वारकाबाई आल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि बाटलीकडे बघून थांबल्या. बाटलीत तुळशीचं पान तरंगत होतं.

आधी त्यांनी नळीचा चिमटा आवळला. थेंब थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, हा उतारू कुठल्या बंदराला चढला?"

"तीर्थ आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "देवाचं. त्याने काय वाईट होणार आहे?"

"देवाचं खरं. पण तांब्या माणसाचा, पळी माणसाची आणि पान परसातलं. हे सरळ रक्तात जातं, काकू. आत गेलं की मला परत बोलावता यायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. नवं पाणी उकळून निवायला तासभर तरी लागला असता, आणि आजोबांना तासभराचा धीर नव्हता, हे माझी वहीच सांगत होती. 'बाहेर'चा रकाना भरत चालला होता.

द्वारकाबाई मात्र कपाटाकडे गेल्या. दुसरी बाटली तिथे होतीच, फडकं बांधून. नळीही दुसरी, उकळलेली. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. बुडबुडे हाकलले, चिमटा सैल केला, आणि गोळ्यात पहिला थेंब पडला. "मुंबई," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे मी पेन्सिल उचलली.

सासूबाई कोपऱ्यात पदराने डोळे पुसत होत्या. द्वारकाबाई मान न वळवता म्हणाल्या, "काकू, उरलेलं तीर्थ उकळून आणा. चमच्याने ओठाला लावू."

"तीर्थ उकळू?"

"भर समुद्रकाठी राहणारा देव तो. उन्हाची सवय आहे त्याला. उकळलं म्हणून पळून नाही जायचा."

सासूबाई उठल्या आणि खरंच उकळून घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून होत्या, एक ओठ ओले करत आणि एक बंदरं मोजत. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की जयगड म्हणताना बाईंचा आवाज बारीक होतो आणि रत्नागिरी म्हटल्यावर त्या श्वास सोडतात. दर फेरीला. मला वाटलं, घसा सुकला असेल.

उन्हं उतरताना त्यांनी आजोबांना विचारलं, "कुठवर आलात?"

ओठ हलले. "दाभोळ."

"अजून दोन," त्या म्हणाल्या आणि नाक पुन्हा गोळ्याला लावलं.

दुसऱ्या सकाळी तोच प्रश्न विचारला, तर आजोबा म्हणाले, "भूक लागलीय."

"लागली बोट!" बाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की वही उडाली.

दिवाळीनंतर आजोबांना मुंबईला नोकरी लागली. आम्ही आगबोटीने निघालो, तेव्हा द्वारकाबाई बंदरावर आल्या. पिशवीतून नारळ काढून मला दिला. म्हणाल्या, "पहिलं बंदर जयगड. बोट थांबली की पाण्यात सोड."

"नवस आहे का?"

"नाही गो. आमचे हे मुंबईहून निघाले तेव्हा त्यांना पटकीच झाली होती. बोटीत बसवलंय म्हणून तार आली मला. मी पेज करून बसले होते. जयगडला लोकांनी उतरवून घेतलं, आणि तिथेच..." त्या आम्हाला आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाकडे बघत राहिल्या. "एकच बंदर राहिलं होतं. जा आता, पडाव सुटतोय."

जयगडला तुमच्या आजोबांनी आणि मी मिळून नारळ सोडला. तो खाडीच्या तोंडाशी बराच वेळ हलत होता, मग आत ओढला गेला. ते माझा हात धरून उभे राहिले, चारचौघांत, पहिल्यांदाच.

मे महिन्यात मी माहेरपणाला आले, तेव्हा दवाखान्यात गेले आणि बाईंना सांगितलं, "नारळ सोडला."

"लाटेने परत तर नाही ना आला?"

"नाही. सरळ आत गेला."

"बरं झालं."

"परत जाताना तुम्हीही चला आमच्याबरोबर," मी म्हटलं. "जयगडला उतरा, दुसऱ्या बोटीने माघारी या."

त्यांनी चुलीकडे पाहिलं. दुसऱ्या बाटलीचं पाणी रटरटत होतं.

"नको गो," त्या म्हणाल्या. "कोणी आलं तर?"

मग स्टूल ओढून त्या एका कोळणीच्या खाटेशी बसल्या, बुडबुड्याला टिचकी मारली आणि म्हणाल्या, "मुंबई."