कोऱ्या कपाळाचे पोस्टमास्तर

पोंक्षेमास्तर रोज सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना पोस्टाच्या पायरीवर उभे राहत आणि कपाळावरचं गंध पुसत. त्यासाठी दाराच्या खिळ्याला एक ओलं फडकं कायम टांगलेलं असे. घरी दीड तास पूजा करणारा माणूस! सोवळं इतकं कडक, की बायकोलाही देवघरात विचारून यावं लागे. पण पायरी आली की गंध पुसलंच. विचारलं तर म्हणत, "सरकारला कपाळ नसतं रे."

अंबरनाथचं आमचं पोस्ट म्हणजे दोन खोल्या. मी तिथे नवा कारकून. पहिल्याच दिवशी मास्तरांनी मी लावलेलं गणपतीचं कॅलेंडर उतरवून माझ्या पिशवीत घातलं. "बाप्पाला इथे ड्यूटी लावू नकोस." दसऱ्याला शिक्क्यांची, तराजूची पूजा नाही. नारळ नाही, पेढा नाही. मला संताप यायचा. मी मुद्दाम ठसठशीत गंध लावून जायला लागलो, तर म्हणाले, "भिंत सरकारची, म्हणून कॅलेंडर काढलं. कपाळ तुझं, तू बघ."

मग तो पावसाळा आला. उल्हासनगर कॅम्पातल्या बराकींत टपाल वाटायला आमचा करीम जायचा. तिथली माणसं फाळणीत घरदार टाकून सिंधमधून आलेली, जखम अजून ओली. एके दिवशी कुणीतरी करीमवर दगड भिरकावले. त्याने आपली छत्री आडवी धरली म्हणून डोकं वाचलं. काड्या मोडल्या, पण पत्रं कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी बराकीतले चारजण पोस्टात आले. पुढे कापडवाले लीलाराम शेठ. "मास्टर साईं, पत्थर मारा वो गलत हुआ. पर हमको हिंदू पोस्टमन दो."

करीमही कोपऱ्यातून म्हणाला, "साहेब, माझी लाइन बदला. पोरंबाळं हायत."

"बदला ना मास्तर, कशाला डोक्याला ताप!" हे मी म्हटलं. आज सांगायला लाज वाटते.

मास्तर उठले आणि आपल्या दिव्य हिंदीत म्हणाले, "शेठ, इस पायरी के अंदर हिंदू मैं भी नहीं. देखो, कपाळ कोरा है. इधर सिर्फ पोस्टमन मिलता है." मग करीमला म्हणाले, "लाइन तुझीच. फक्त एकटा जायचं नाहीस."

आणि पुढचे पंधरा दिवस हा दम्याचा माणूस स्वतःची हक्काची रजा टाकून करीमच्या पुढे बराकीबराकीत धापा टाकत फिरला. सोळाव्या दिवशी लीलाराम शेठ दारात उभे राहून ओरडले, "करीमभाई, हमारी चिट्ठी आयी?" मास्तर तिथूनच मागे फिरले.

दसऱ्याला सोनं द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. देवघरात शस्त्रपूजा मांडली होती. एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला मास्तरांचा लिहायचा टाक, आणि मधोमध करीमची ती मोडकी छत्री. हळदकुंकू वाहिलेली, झेंडूची माळ घातलेली. त्या कडक सोवळ्यात!

"मास्तर, ही इथे?"

"मग? यंदा लढली ती हीच. त्याला माझी दिली, ही ठेवून घेतली." ते छत्रीवरच्या अक्षता नीट करत होते. "ऑफिसात बोलू नकोस हं. करीमला वाटायचं, साहेब आपल्याला झुकतं माप देतात."

असल्या माणसाच्या हाताखाली मी काम केलं, हे आजही छाती पुढे काढून सांगतो. त्या दिवशी सोनं दिलं आणि वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर मास्तर कपाळ पुसून फडकं खिळ्याला अडकवायला लागले, तेव्हा मी फडक्यासाठी हात पुढे केला.