इंजिनाचं पुढचं तोंड

फिटरमामांनी विटांच्या कारखान्यातलं बंद पडलेलं, रुळांवरचं छोटं वाफेचं इंजिन जिवंत करायचं मनावर घेतलं, तेव्हा मामींनी एकच अट घातली होती: त्याचा एकही तुकडा घरात येता कामा नये. शेवटची झडप आज सकाळीच त्यांच्या पलंगाखालून बाहेर पडली होती.

आज परीक्षा होती. कारखान्याच्या मालकीणबाईंना शेडची जागा हवी होती. इंजिन स्वतःच्या वाफेवर हललं तर राहील, नाही तर भंगारात जाईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. भंगारवाल्याला निकालाची इतकी खात्री की त्याने ट्रक शेडमागच्या रुळांवरच आणून लावला आणि स्वतः पुढे येऊन बाईंशेजारी खुर्ची टाकून बसला.

आता घोळ असा होता. इंजिन खोलताना मामांनी प्रत्येक दांडीवर खडूने ‘पुढची’ आणि ‘मागची’ असं लिहिलं होतं. जोडणी केली मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मास्तरांच्या मते पुढचं म्हणजे धुराड्याकडचं. मामांच्या मते पुढचं म्हणजे मामांचं तोंड असेल तिकडचं, आणि ते नेमके धुराड्याकडे पाठ करून बसले होते. हे एकमेकांना विचारायचं म्हणजे दोघांच्याही अनुभवाचा अपमान, म्हणून कुणीच विचारलं नाही.

वाफेचा काटा चढला. मामांनी छाती फुगवून दिशेचा दांडा पुढे केला आणि वाफेचा कॉक उघडला. इंजिनाने दीर्घ सुस्कारा सोडला आणि ते मोठ्या ऐटीत मागे निघालं. मामांनी गडबडून दांडा आणखी पुढे रेटला. इंजिनाने आज्ञा आणखी जोरात पाळली. शेडचा मागचा पत्रा फाटला, ट्रक ढकलला गेला, आणि रूळ संपतात तिथल्या माती भिजवायच्या खड्ड्यात चाकं बुडेपर्यंत रुतला. मग कुठे मामांना कॉक बंद करायचं सुचलं.

भंगारवाल्याने मामांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ती संपेपर्यंत मास्तर थांबले.

“पण बाई, हललं ना?” ते हळूच म्हणाले.

“हललं,” मालकीणबाई म्हणाल्या. “म्हणूनच आजच्या आज तोडायचं.”

तोडायचं तर न्यायला ट्रक हवा, आणि ट्रक चिखलात. बाईंनी कारखान्याचा ट्रॅक्टर बोलावला. तो ट्रकला ओढता ओढता घसरला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. आता दोन्ही पक्षांचं नुकसान सारखं झालं.

“अहो,” शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या मामी म्हणाल्या, “ज्याने ढकललं त्यालाच ओढू दे की.”

दुसरा इलाज नसल्यामुळे कुणी हसलं नाही. साखळी इंजिनापासून ट्रॅक्टरला आणि ट्रॅक्टरपासून ट्रकला बांधली. आता पुढे जायचं तर दांडा मागे घ्यायचा होता, आणि मामांचा हात जन्मभराच्या सवयीचा. चुकला असता तर इंजिनही खड्ड्यात गेलं असतं. मास्तरांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“मागे ना, मास्तर?”

“मागे. म्हणजे पुढे जाईल.”

चाकं जागच्या जागी गरगरली. मामींनी घमेलं उचललं आणि विटांचा कोरडा भुगा दोन्ही रुळांवर टाकत गेल्या. चाकांनी पकड घेतली. साखळी ताठ झाली, इंजिन धापा टाकू लागलं आणि आधी ट्रॅक्टर, मग ट्रक चिखलातून बाहेर आला. मामा थांबायचं विसरले. इंजिन शेडमधून थेट पुढच्या अंगणात उन्हात गेलं, आणि मामांनी शिटी वाजवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मास्तर टाळ्या वाजवत होते. मालकीणबाई उभ्या राहिल्या होत्या.

“शेड इंजिनालाच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पत्रा मी नवा बसवून देते.”

भंगारवाला मात्र चिखलाने माखलेला ट्रक घेऊन निघून गेला. तो आठवड्याने परत आला. ट्रकमध्ये गंजलेलं, धुराडं मोडलेलं, आणखी छोटं इंजिन होतं.

“हे तोडायलाच विकत घेतलं होतं,” तो मामांकडे न बघता म्हणाला. “तुमचं पाहिल्यापासून हातोडा उचलवेना.”

मामांनी चोरट्या नजरेने मामींकडे पाहिलं. त्या गंजलेल्या इंजिनाभोवती एक चक्कर मारून आल्या.

“उतरवून घ्या,” त्या म्हणाल्या. “पलंगाखाली जागा रिकामीच आहे.”