गल्लीचा लोड सांभाळणारे नाना

आमच्या गल्लीत माणसांना नावं आहेत, पण धोंडूनाना ती वापरत नाहीत. त्यांच्या लेखी मी 'मिक्सर'. समोरच्या वहिनी 'गिझर', कोपऱ्यावरचा परेश 'पाण्याची मोटार'. साजगावच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलरूममध्ये जन्म घालवलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करायची?

संध्याकाळचे सात वाजले की नाना ओट्यावर बसून स्वतःच्याच पिवळ्या बल्बकडे टक लावतात. तो जरा मंदावला की उठलेच. "ए मिक्सर! चटणी धा वाजता वाट गं. आत्ता डीपीवर लोड हाय!" मग वहिनींच्या दारात, "तिन्हीसांजेला कोण आंगोळ करतं गं?" सगळ्यांनी एकदम बटणं दाबली की डीपीतला, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या पेटीतला फ्यूज उडतो आणि दुरुस्तीला माणूस येईस्तोवर गल्ली अंधारात, हे खरंच आहे. पण म्हणून माझ्या नणंदेला आलेलं चांगलं स्थळ "दोन एसी हायेत त्यांच्या घरात, बेजबाबदार मानसं" म्हणून मोडायला निघायचं? सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही एसी घेतला. लगेच फर्मान निघालं, "सात ते धा त्याला हात लावायचा नाय." आठवडाभर पाळलं. मग एके दिवशी अंगाची अगदी लाही झाली. म्हटलं, म्हाताऱ्याला कुठे कळतंय, आणि साडेसातला खिडक्या लावून एसी सुरू केला. पाच मिनिटांत डीपीकडून फाट्‌कन आवाज आला आणि अख्खी गल्ली काळोखात.

शिव्या खायची तयारी करून मी दारात उभी राहिले. नाना टॉर्च घेऊन आले, पण माझ्याकडे न बघताच पुढे पळाले, तेही अनवाणी. मला काही सुचेना, मीही मागे गेले.

गल्लीच्या टोकाला त्यांचे थोरले भाऊ, भिकूअण्णा, एकटे राहतात. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद झालं त्याला बारा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात अशीच लाइट गेली, अण्णांना पायरी दिसली नाही, पडले आणि खुबा मोडला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते वॉकर धरून ओटीवर चालायचा सराव करतात. हे मला माहीत होतं. नानांनी सगळ्या गल्लीला वेठीला का धरलंय, ते मात्र मला आत्ता कळलं.

अण्णा ओटीच्या अगदी कडेला वॉकर धरून थिजले होते. नाना कुंपणाबाहेरच थांबले आणि टॉर्चचा उजेड बरोबर त्यांच्या पायांपुढे धरला. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"कोण हाय रं?" अण्णांनी विचारलं.

नानांनी आवाज घोगरा केला. "वायरमन."

अण्णा त्या उजेडात एकेक पाऊल टाकत खुर्चीपर्यंत पोचले. बसले. जरा दम घेतला.

"वायरमन," ते म्हणाले, "आत येऊन बस. उभं ऱ्हाऊन तुजा गुडगा दुकतो."