नव्या नेटवर्कचे दोन ग्राहक

"ऐकू येतंय का रे?" इंजिनिअर मोबाईलवर ओरडला.

"येतंय! अगदी कानात येऊन बसल्यासारखं!" जोडीदार ओरडला. तो समोरच्याच खुर्चीत होता.

दोघांनी एकमेकांना टाळी दिली. आनंदाचं कारणही तसंच होतं. टॉवर नुसती हाक पोहोचवतो. कोणता ग्राहक कुठे आहे ते नोंदयंत्र सांगतं, आणि दोघांची गाठ एक्स्चेंज घालून देतं. कंपनीचं नवं नोंदयंत्र आणि नवं एक्स्चेंज आज पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती. चाचणीला ग्राहक हवे होते, म्हणून दोघांनी सकाळीच आपापले नंबर जुन्या यंत्रातून काढून नव्यात टाकले होते.

"वहिनींचा फोन?" जोडीदाराने विचारलं.

"नाही अजून. कळा सुरू झाल्या की करणारे. रिंग वाजली की मी सुटलोच!" इंजिनिअरने मोबाईलकडे पाहिलं. सिग्नल भरभरून होता.

तेवढ्यात टेबलावरचा जुन्या लाइनचा फोन वाजला. इंजिनिअरने उचलला. ग्राहक सेवेतल्या ताई होत्या. "दादा, एक बाई हॉस्पिटलमधून बोलतायत. मुलगी बाळंत होतेय आणि जावयाचा फोन लागत नाही. आपल्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय."

"बंद करून बसला असेल! असल्या नवऱ्यांना ना, उलटं टांगलं पाहिजे."

"जावई आपल्याच कंपनीत आहे म्हणे."

"आपल्या? सांगा नंबर, आत्ता बघतो त्याच्याकडे."

ताई एकेक आकडा सांगू लागल्या. शेवटचे दोन इंजिनिअरनेच पुरे केले.

"अरे, हा मीच!"

नव्या नेटवर्कला बाहेरची वाटच नव्हती. घर बांधलं होतं, दार बसवायचं होतं. जुन्या एक्स्चेंजला जोडणारी तार उद्या साहेबांच्या हस्ते जोडली जाणार होती, हारतुऱ्यांसकट. तोवर या नेटवर्कमधून हे दोघे फक्त एकमेकांचंच डोकं खाऊ शकत होते.

त्याने टेबलावरच्या फोनवरून बायकोला लावला. व्यस्त. ती त्यालाच लावत होती. सासूबाईंना लावला. व्यस्त. त्या ताईंना झाडत होत्या.

"जोड ती तार!"

"साहेब कच्चे खातील!"

"खाऊ देत! ही मला शिजवून खाईल!"

तार जोडली. जुन्या एक्स्चेंजला नव्या नोंदयंत्राचा पत्ता दिला. पडद्यावर हिरवा दिवा लागला आणि त्याच क्षणी दार उघडून साहेब आत आले.

"कुणाच्या परवानगीने..."

मोबाईल वाजला. साहेबांचा राग जागीच विरघळला. "बाहेरून? पहिला कॉल? स्पीकरवर टाक, स्पीकरवर!"

"कुठे मेला होतास?" खोलीभर बायकोचा आवाज घुमला. "सकाळपासून बोटं झिजली माझी! दुनियेचे फोन जोडतोस आणि स्वतःचा जोडता येत नाही? ये इकडे, तुझं एक्स्चेंजच उखडते!"

"वा!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "काय स्पष्ट आवाज! शब्द न् शब्द कळतोय!"

जोडीदारानेही टाळ्या वाजवल्या. मग साहेब कान देऊन ऐकू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण मागे हे बारीक काय चिरकतंय? लाइनमध्ये दोष आहे. काढून टाका तो."

इंजिनिअरने मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"तो नाही निघायचा, साहेब," तो म्हणाला. "ते आमचं बाळ आहे."