बाबांचा बनियन आणि वाफेवरच्या पुरचुंड्या

कपड्यावर कसलाही डाग पाडा, तो चहाचा की कॉफीचा हे मी नुसता हुंगून सांगतो! परदेशात येऊन चार वर्षं लाँड्रीत काढलीत, उगाच नाही! त्यामुळे जे झालं ते माझ्याच हातून व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं.

तर, मला पुरचुंड्यांची फार आठवण यायची. आमच्या घरचंच हे नाव. तांदळाच्या पिठाची पातळ पारी, आत कोबी-आल्याचं सारण, चिमटीनं मिटलेलं तोंड, आणि आई वाफेवरून थेट ताटात टाकायची. एकदा गिऱ्हाइकाच्या शर्टावर वाफ सोडताना माझे डोळेच भरून आले! लाँड्रीच्या मालकीणबाईंनी कारण विचारलं. मी अर्धा तास वर्णन ऐकवलं आणि बोलण्याच्या भरात त्यांना रविवारी जेवायलाच बोलावून बसलो.

मग लागलो सरावाला. चाळणीवर ठेवल्या, चिकटल्या. कागदावर ठेवल्या, तर कागदासकट खाव्या लागल्या. कोऱ्या फडक्यावर ठेवल्या, तर कापडाचा वास! रडकुंडीला येऊन आईला फोन लावला.

"पीठ बरोबर आहे रे," आई म्हणाली. "तुझ्याकडे ती वस्तूच नाही. पाठवते." तेवढ्यात तिचं दूध उतू गेलं आणि फोन बंद.

शुक्रवारी पार्सल आलं. आत बाबांचा बनियन! जुना, मऊ, दोन भोकं पडलेला. चिठ्ठी नाही की काही नाही. आधी चक्रावलो, मग डोक्यात प्रकाश पडला. मुलगा लाँड्रीत आहे, म्हणून बाबांनी बनियन धुवायला पाठवलाय! आईची ती वस्तू मागून येईल. मला गहिवरून आलं. बापाचं काम, कसर कशाला ठेवायची? तीनदा धुतला. लाँड्रीतलं पडद्यांचं सुगंधी पाणी दुप्पट घातलं. कडक खळ दिली, इस्त्री फिरवली. बनियन भिंतीला टेकवला, तर उभा राहिला!

रविवारी सकाळी ऐटीत फोन केला. "बाबा, बनियन चकाचक! परत पाठवू?"

पलीकडे फोनची ओढाओढ झाली. मग आई कडाडली, "अरे शहाण्या, उकळून, वाळवूनच पाठवला होता! त्यावर पुरचुंड्या वाफवायच्या!"

"बाबांच्या बनियनवर?"

"मग इतकी वर्षं मी कशावर वाफवत होते? तुझे बाबा सहा वर्षं घालून मऊ करतात, मग तो माझ्या चाळणीत येतो. या वेळी तुझ्यासाठी त्यांच्या अंगावरचाच उतरवला!"

मालकीणबाई तासाभरात येणार होत्या. बनियन पाच पाण्यांतून काढला, चाळणीवर अंथरला, देवाचं नाव घेतलं. एकही पुरचुंडी चिकटली नाही! हुबेहूब आईच्या! मालकीणबाईंनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले, सावकाश चावली.

"पडद्यांचं सुगंधी पाणी," त्या म्हणाल्या. "दुप्पट. वर खळ."

मी खाऊन पाहिली. बाई बरोबर बोलत होत्या. तरी मी अकरा खाल्ल्या! त्या सुगंधामागे, अगदी शेवटी, आमचं घर जरासं लागत होतं हो.

संध्याकाळी बाबांना विचारलं, "दुसरा पाठवता का?"

"आत्ताच कुठे नवा घातलाय. मऊ व्हायला सहा वर्षं लागतील. तोवर तूच ये ना!" मग हळूच म्हणाले, "आणि माझा तो आण बाबा. कोरा फार टोचतो."

तिकीट काढलंय. बॅग भरून तयार आहे, फक्त बंद होत नाहीये. वाळल्यावर उरलेली खळ पुन्हा कडक झालीय, बनियन वाकत नाही!