आधी वारा!

दोन माणसं एकदम बोलायला लागली, की आमचे नाना तळहात वर करतात. "एक आवाज! आधी वारा!" पंख्याखेरीज कुठेही वारा नसला तरी.

नाना जळगावला आमच्या शेजारी राहतात. नोकरी विमानांच्या इंजिनियरची. विमान उतरताना समोरचा वारा एकाएकी फिरून पाठीमागून आला, तर विमानाचा आधारच निघून जातो. याला विंडशियर म्हणतात. तो ओळखणारी यंत्रं कॉकपिटमध्ये जोडण्यात नानांची उमेदीची वर्षं गेली.

"यंत्र बसवणं सोपं हो," नाना सांगतात. "पण तिथे इशारे देणारे ढीगभर. सगळे एकदम ओरडले तर पायलटनं ऐकायचं कुणाचं? म्हणून वारा बोलला, की बाकीचे गप्प."

घरातही त्यांनी मानाचा क्रम लावला. आधी कुकर, मग दाराची बेल, मग अक्का, म्हणजे त्यांची बायको. अक्का साक्रीकडच्या. शांतपणे म्हणाल्या, "मंग कुकरलेच सांगा चहा कराले."

पाचोऱ्याच्या एका लग्नात भटजी, बँड आणि डीजे एकदम सुरू झाले. नाना थेट स्टेजवर. "यातला इशारा कोणता?" वरबापाने हात जोडले. "नाना, बठ्ठा आनंदच शे, सगळा आनंदच. तुम्ही जेवी ल्या."

यंदा उन्हाळ्यात अक्का माहेरी गेल्या होत्या. मी नानांकडे चहाला बसलो असताना सायलीचा फोन आला. सायली त्यांची एकुलती एक मुलगी, पायलट आहे. नानांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नाना, आज उतरताना पुढे विंडशियर असल्याचा इशारा आला. आम्ही लगेच विमान वर घेतलं, वादळ सरल्यावर उतरलो. सगळे ठीक आहेत."

मला वाटलं, आता तासभर सुटका नाही. उंची किती, वेग किती, रडारने कधी सांगितलं!

"बरं," नाना म्हणाले. मग पुन्हा, "बरं झालं."

फोन बंद करून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "अक्काला तुम्ही सांगता का? मी बोललो तर ती घाबरेल."

"पण सगळं ठीक आहे ना?"

"ठीकच आहे. माझा आवाज ठीक नाही."

मी साक्रीला फोन लावला. "अक्का, मी शेजारून बोलतोय."

पलीकडून घाईने, "हे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो आणि सायलीचं सांगू लागलो. माझं सांगून होईपर्यंत नाना माझा दंड घट्ट धरून उभे होते.